मामांच्या पायाखाली ओल

...अहो, हेड उतरवलं हो इंजिनाचं! अख्खं हेड! पुन्हा बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट उघडून बघतो तर रेडिएटरचं पाणी परत चार बोटं खाली! तुम्हाला सांगतो, वीस वर्षांची जुनी पिकअप माझी, फर्निचर वाहतो मी तिच्यात, पण जमिनीवर एक थेंब नाही, धुरात वाफ नाही, ऑइलमध्ये पाणी नाही... मग पाणी जातं कुठं?

मिस्त्री म्हणतो, "मालक, इंजिन पितंय." पितंय! मी धरली त्याची कॉलर. "हेड तूच बसवलंस ना रे कालच?" तर त्यानं पाना हाणला, हा इथं, भुवईवर, तीन टाके! मी त्याचं डोकं बॉनेटवर आपटलं. मग तो तावातावानं रेडिएटरचं गरम झाकण उघडायला गेला, मिस्त्री असून! उसळली वाफ, आणि त्याच्या भुवया साफ! माझी एक फुटली, त्याच्या दोन्ही गेल्या, पण पाणी जातं कुठं?

आता इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये घालतात ते कूलंट महाग, म्हणून मी रोज नळाचंच पाणी ओतायचो. हिरवं होतं ते पातळ होत होत पिवळट झालं. ही चूक माझी, कबूल!

तर तो बिनभुवयांचा मिस्त्री एक दिवस गाडीत वाकला आणि डावीकडची मॅट उचलली. ओली! पिवळट! वास घेतला. "गोडसर येतोय हो. इथं कोण बसतं?"

इथं बसतात माझे सासरे. आमच्याकडेच राहतात, रोज माझ्याबरोबर येतात, जन्मभर लोहारकाम केलेला माणूस.

"वय काय त्यांचं?" पंचाहत्तर. "शुगर?" ...आहे. मग हळूच म्हणतो, "मालक, मी काही बोलत नाही." अरे, बोललास की!

मामा तिथंच बाकड्यावर बसलेले, आणि मी गाढव, सगळ्या गॅरेजसमोर म्हणालो, "मामा, लागली की सांगत जा, थांबवीन मी गाडी. वय झालं की व्हायचंच."

तुम्हाला सांगतो, अशी थप्पड बसली, अशी बसली, की त्या कानात अजून शिटी वाजतेय! "दोन महिने सांगतोय तुला, पाय ओले होतात, काचेवर धुकं धरतं! आणि तू मला..." डोळे भरून आले त्यांचे. थप्पड परवडली, पण ते बघवेना हो.

घरी बायकोनं कुकरचं झाकण फेकून मारलं. नेम चांगला तिचा. "चारचौघांत अब्रू घालवलीत माझ्या बाबांची! मी त्यांना घेऊन उद्याच जाते!" बॅगा भरून दारात ठेवल्या. आणि मी उभा, कपाळाला टेंगूळ, डोक्यात एकच... पाणी जातं कुठं?

सकाळी मामा गाडीपाशी उभे. हातात पहार! "बस." मी स्टिअरिंगकडे वळलो. "तिथं नाही. माझ्या जागेवर."

बसलो. काय करता? त्यांनी इंजिन चालू केलं, हीटर लावला, चांगलं तापू दिलं. मग माझ्या बाजूचं दार उघडलं आणि ती पहार माझ्या गुडघ्यांवरून थेट डॅशबोर्डात! खाड्!

"मामा, चुकलो!" खाड्!

"मामा, तुमच्या मुलीकडे तरी बघा!"

"तिनंच दिली पहार!" खाड्! अख्खा डॅशबोर्ड मांडीवर आला माझ्या! आणि आत, पहार जिथवर पोचलीही नव्हती तिथं, हीटरची छोटी जाळी, इंजिनाचं गरम पाणी जिच्यातून फिरतं ती, तिचा गंजलेला सांधा, आणि त्यातून तेच पिवळट, गोडसर वासाचं पाणी, टप... टप... टप... सरळ मॅटवर!

"हे बघ," मामा धापा टाकत म्हणाले. "इथं जातं पाणी."

आवाजानं सगळी गल्ली जमली होती. बायको होती, मिस्त्रीही धावत आला. मी हात जोडले, सगळ्यांसमोर माफी मागितली, अगदी मनापासून. मामा म्हणाले, "झालं, उतर आता."

मी उतरेना. कसा उतरणार? कूलंट ठिबकत होतं खाली, मॅटवर. माझी पॅंट ओली होती वर, पार मांड्यांपर्यंत! तिसऱ्या खाड्लाच झालं होतं ते.

मामांनी बघितलं. एकदा माझ्याकडे, एकदा गल्लीकडे. मग खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या मांडीवर टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सांभाळून उतरा हो जावई. कूलंट उडालंय तुमच्या अंगावर."

मी टॉवेल गच्च धरून म्हटलं, "हो मामा. कूलंटच आहे."