संडासातून बोलतोय

हॅलो?… हां, नम्रता, बोल… ऐकू येतंय, तू बोल…

आवाज घुमतोय कारण मी संडासात आहे.

अगं, तसा नाही. कामासाठी… ते काम नाही! दुरुस्तीचं काम… मग उचलला कशाला म्हणजे? म्युनिकहून फोन आला तर माणूस उचलतो.

तू एवढ्या लवकर कशी उठलीस?… झोपलीच नाहीस? नातू रात्रभर रडला?… माझ्यावर गेलाय म्हणावं. मीही रडलो असतो, पण इथे उठून बघायला कोणी नाही…

विनोद होता… बरं, नव्हता चांगला.

हो, तिकिटाचं. लक्षात आहे. रविवारचं तिकीट पुढे ढकलायचं तर आज कळवायला हवं. बाळाला पाळणाघरात जागा मिळेपर्यंत आपल्या स्वरालीला तू हवीस, म्हणजे अजून तीन महिने… पाठ आहे मला. तू रोज सांगतेस… सांगतो ना! आधी हे एवढं बसवू दे.

‘हे’ म्हणजे… आपल्या कमोडसाठी एक गोष्ट आणलीय. सीटखाली एक चपटी पट्टी बसते, तिच्या मधोमध बारीक नळी, आणि उजव्या बाजूला गोल खुंटी. खुंटी फिरवली की खालून पाण्याची धार… हो, तेच. खोक्यावर ‘बिडे’ लिहिलंय. तिसऱ्या मजल्यावर भिडे राहतात, म्हणून मी मोठ्याने म्हणत नाही.

हसतेस काय… हो, मीच म्हणालो होतो. जेट नको, टमरेलावर आपल्या सात पिढ्या निघाल्या… हो, जर्मनीत कागद वापरतात म्हणून मी तुझ्याबरोबर आलो नाही, हेही मीच. जाहीरपणे… मग आता? आता माणूस बदलतो. तूच म्हणायचीस बदला म्हणून, आता बदललो तर संशय घेतेस.

जेट का नाही घेतला?… जेटला नेम धरावा लागतो. मी काय रायफल क्लबात होतो?

भवानी पेठेतून आणलं. तीन दाखवले त्याने. एक जपानी. सीट गरम करतं, पाणी गरम करतं, शेवटी वारा घालून वाळवतं. मी विचारलं, आशीर्वाद देतं का? तो म्हणाला, ते वरचं मॉडेल, ऑर्डर द्यावी लागेल. पुण्यात आता दुकानदारही उत्तरं द्यायला लागलेत म्हणजे गिऱ्हाइकांनी काय करायचं?… नाही घेतलं! स्कूटर येते तेवढ्यात. दुसरं होतं दोन धारांचं. एक सगळ्यांसाठी, एक फक्त बायकांसाठी. मी म्हटलं, बाई जर्मनीत आहे, आम्हाला एक पुरे. तिसरं घेतलं. एक धार, गार पाणी, विजेचा संबंध नाही. सगळ्यात स्वस्त.

तुझं काय म्हणजे?… तू कुठे आहेस इथे?

…हॅलो?… नाही, तसं नव्हतं म्हणायचं मला. बरं, जाऊ दे. मला सांग, पान्हा कुठे आहे आपला?… फ्रीजवर?… फ्रीजवर नाही, फ्रीजवरच्या पिशवीत. कुठली पिशवी?… मखराची. अर्थातच. मी वेड्यासारखा हत्यारांच्या डब्यात शोधत होतो…

व्हिडिओ नको… नको म्हटलं ना… कारण मी संडासात आहे, नम्रता. काही मर्यादा असतात.

आणला. सापडला. तुझ्या त्या मखरात अजून मागच्या वर्षीच्या दूर्वा आहेत… हो, पाणी बंद केलं. फ्लशच्या टाकीखालचाच कॉक. टाकी रिकामी केली. आता तिथली नळी सोडवायची, मध्ये हा जोड घालायचा, एक फाटा टाकीला आणि एक फाटा पट्टीला… येतं गं मला. कागद चिनी भाषेत आहे, पण चित्रं काय, कुणालाही कळतात. फक्त चित्रातल्या माणसाला दोन हात आहेत, एवढाच फरक.

…काही नाही.

काही नाही म्हटलं ना. असंच बोललो… मलाही दोनच आहेत. एक जरा विश्रांती घेतोय.

…मनगट… डावं… अगं, ओरडू नकोस, बाळ उठेल… प्लॅस्टर. कोपराच्या खालपासून… मागच्या आठवड्यात.

कारण तू असा आवाज काढला असतास, म्हणून नाही सांगितलं.

मार्केट यार्डात पडलो… कांदे आणायला गेलो होतो… मिळतात, कोपऱ्यावर मिळतात. पण तो कोपऱ्यावरचा भाजीवाला बोलत नाही. तो पैसे भरायचं चौकोनी चित्र दाखवतो, मी मोबाइल धरतो, टिंग आवाज येतो, संपला व्यवहार. यार्डात बरं असतं. आरडाओरडा, गाड्या, हमाल म्हणतात, “ओ काका, सरका की!” आठवड्यात कोणीतरी आपल्याला सरका म्हटलं की बरं वाटतं… सरकलो ना! सरकतानाच मेथीच्या पाल्यावरून पाय गेला.

कांदे आले. त्याच हमालाने रिक्षात घातले. दहा किलो. कमी देत नाहीत… एकटा आहे मान्य, पण ते त्यांना कशाला सांगू?

नाही, खोटं नाही. मी आयुष्यभर विमा कंपनीत बसून लोकांचे अपघात खरे की खोटे ते तपासले. माझा खरा निघाला तर तू विश्वास ठेवत नाहीस.

रंगराव आला होता. समोरचाच की… बसला पाच मिनिटं. तो म्हणाला, नशीब डावा आहे, जेवता तरी येतंय. मैनाबाई पोळ्या करायला आली, ती म्हणाली, बरं झालं बाई, डावाच हाय. डॉक्टरसुद्धा म्हणाला, सुदैव. सगळ्यांना आनंद झालाय डावा मोडल्याचा. मी हो हो म्हणतो. अगं, पण जेवण ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी कोण विचारतो?

…हं.

…हं, तेच.

उजव्या हाताने?… नम्रता, त्या हाताने मी देवाला नैवेद्य दाखवतो. त्याने मी भात कालवतो… साबण असतो, मान्य. साबणाचं देवाला पटेल. हाताला पटत नाही. केला एकदा प्रयत्न. मग संध्याकाळी जेवायला बसलो आणि ताटाकडे बघत राहिलो.

मग काय, कमी जेवतो… नाही, हा विनोद नाही. सकाळी चहा, दुपारी अर्धी पोळी. मुळातच कमी केलं की पुढचं कमी होतं. साधा हिशेब आहे…

हॅलो?… नम्रता?… अगं, रडतेस कशाला? संडासातल्या माणसाशी बोलताना कोणी रडतं का?

मदतीला ब्यूरोचा माणूस नको. मुळीच नको. दहावी झालेला एक मुलगा येणार, मोबाइल बघत बाहेर बसणार, आणि मी आतून हाक मारणार? काय म्हणून हाक मारणार?… त्यासाठीच तर हे आणलं! खुंटी उजवीकडे आहे. उजव्या हाताने फिरवायची, हात कुठेही लावायचा नाही. देव, भात, सगळे आपापल्या जागी.

नाही, तू यायची गरज नाही… नाही म्हटलं ना… ऐक. अगं, ऐक ना! आपण असं करू. हे बसलं आणि नीट चाललं, तर तू राहा तीन महिने. नाही चाललं, तर रविवारी ये… जुगार नाही, चाचणी आहे. शास्त्रीय… मग ठरलं? ठरलं.

हां, आता बोल. फोन टाकीवर ठेवलाय… नळी सुटली. पांढरी टेप गुंडाळायची आट्यांवर… टोक कशात धरू?… दातात. बरं… हँ… हँ… घरली… धरली म्हटलं, तोंडात टेप आहे!… झालं. चार वेढे. जोड बसला. पान्ह्याने आवळला.

आता सीट. तिथे पंचाईत आहे. वरून स्क्रू फिरवायचा आणि खालून चक्री धरायची, नाहीतर दोन्ही एकत्र फिरतात. तुझा फोन यायच्या आधी अर्धा तास नुसते फिरत होते. बघायला छान वाटतं… बोटं? हो, प्लॅस्टरमधून टोकं बाहेर आहेत… हलवता येत नाहीत… अच्छा, हलवायची नाहीत. नुसती चक्रीला टेकवून अडवायची… थांब, वाकतो… आई गं… नाही, दुखलं नाही, कंबर आहे… अडली! फिरत नाहीये! नम्रता, तू विमा कंपनीत हवी होतीस. लोकांना अडवायला.

…दुसराही झाला. सीट हलत नाही. बसलीय.

उघडतो कॉक… ऐकू येतंय? टाकी भरतेय… आता खुंटी. हळू फिरवतो… एकदम हळू… अरे! अरे, अरे!…

काही नाही. धार थेट दारावर गेली. वाटेत माझा चष्मा होता. वर कोणी बसलेलं नसलं की ती अशीच जाते. कागदावर चित्र आहे त्याचं, शेवटचं. मी शेवटपर्यंत बघितलं नव्हतं…

हसून घे… हो, चाललं. भरपूर दाब आहे… जोडावर बोट फिरवतो… कोरडं… पुन्हा फिरवलं. कोरडंच आहे… खालूनही. थेंब नाही.

…हो.

…झालं मग. सांग स्वरालीला, राहते म्हणून… मी? खूशच आहे. संडासात आवाज असाच येतो.

उठला वाटतं तो. जा, घे त्याला… नाही, ठेवत नाही, तू ये परत. मी आहे इथे…

…

बापरे, काय आवाज आहे. दम आहे पोरात…

…

नम्रता?… गेलीस ना?

…गेली.

…बरं. तर हे चाललंय. चांगलं चाललंय. मला वाटलं होतं गळेल. म्हणजे, मी तसं धरूनच चाललो होतो. तो दुकानदार म्हणाला, काका, हे स्वस्तातलं आहे, याची गॅरंटी देत नाही मी. मी म्हटलं, मग हेच द्या… आणि बघ, थेंब नाही.

तू ये, नम्रता. हे चाललं तरी ये. हात बरा झाला तरी ये. दिवसभर या घरात आवाज नसतो. मी खोकलो तर तेवढाच. परवा मी मोबाइलवरून आपल्याच लँडलाइनवर फोन लावला. चालू आहे की बंद पडलाय, बघायला. वाजला. मग उठून मीच उचलला. आणि कानाला लावून बसलो… बराच वेळ. दोन्ही फोन कानाला.

ये बाई तू. मला नाही जमत हे…

…हॅलो?

…कोण?… स्वराली?

…तू कधीपासून… स्पीकरवर? सुरुवातीपासून?… नैवेद्याचंसुद्धा?

…अगं, मग आधी बोलायचंस ना. मुलीसमोर बापाने काय काय बोलायचं याला काही… बरं. आता ऐकलंस ते विसरून जा… नाही विसरणार? आईवर गेलीस.

नाही गं, ते आपलं असंच. एकटा माणूस फोन हातात असला की काहीतरी बोलतो… नाही… हो… हो, खरं आहे. बोललो ते खरं आहे.

पण तुला ती हवीये, तेही मला कळतं. तुझं अंग अजून नीट भरलं नाही, तुझा आमोद सकाळी आठला कामाला बाहेर पडतो, दिवसभर तू आणि ते पोर. तिला पाठव असं मी तुला म्हणत नाही. मी तुला म्हणत नव्हतोच. मी तिला म्हणत होतो, आणि ती नव्हती…

आता तू रडू नकोस. एका घरात किती जणांनी रडायचं? त्याला तरी रडू दे नीट…

आली का ती?… नको. थांब, तिला फोन देऊ नकोस. ती विचारेल, नक्की चाललंय ना? आणि मी म्हणेन, चाललंय. लग्न झाल्यापासून आमचं हेच सुरू आहे… तू सांग तिला. मी बोललो तसं. भर घालू नकोस आणि माझी लाज वाटून काही गाळू नकोस. आणि तुझी अडचणही सांग, तीही तितकीच खरी आहे. मग तुम्ही दोघी मिळून काय ते ठरवा. जे ठरेल ते चालेल मला… नाही, खरंच चालेल. फक्त तिला माहीत असू दे.

नाही बाळ, मी लाइनवर नको. माझ्यासमोर सांगितलंस तर मी मध्येच बोलेन, आणि मध्ये बोललो की विनोद करेन…

जेवतो. हो, आज पूर्ण जेवतो. भातसुद्धा…

ठेवतो म्हटलं ना. तू सांग.