काळ्या जमिनीवरची खोली

बहीण : हात घाल त्या भेगेत. घाल ना, दादा! घर उभं राहिल्यापासून पहिल्यांदा पाऊल टाकलंयस, नीट बघून तरी जा.

भाऊ : अगं, मनगटापर्यंत जातोय की! पलीकडची तुझी रोपंही दिसतायत. खिडकीचा खर्च वाचला.

बहीण : तुला थट्टा सुचतेय. याच भिंतीला लागून आई झोपते.

आई : असू दे गं. मला काही त्रास नाही.

बहीण : तू गप्प बस, आई. दादा, पुढच्या खोलीत आम्ही चौघं, त्यात हे पाय मोडून पडलेत. पावसाळा तोंडावर आलाय. माती पाणी पिऊन फुगली की ही भिंत आत येणार, गवंड्याने हात जोडले माझ्यापुढे. पाऊस संपेपर्यंत आईला तुझ्याकडे ने. एवढंच सांगायला बोलावलंय.

भाऊ : माझ्याकडे? ती तर हौसेने आली ना लेकीकडे?

बहीण : हौसेने? वहिनीने तिची पिशवी ओट्यावर आणून ठेवली होती!

भाऊ : घर म्हटलं की कुरबुरी व्हायच्याच.

बहीण : तुझ्या घराला एक चरा नाही. मुरमावर बांधलंस.

भाऊ : नसणारच. जन्मभर पायाचीच कामं घेतोय मी.

बहीण : माझा पाया खणला तेव्हाही आला होतास की. खड्ड्याच्या काठावर उभा राहून चहा प्यायलास. गवंड्याने कमरेइतकं खणून हात आखडला. तू चकार शब्द काढला नाहीस.

भाऊ : तू विचारलंस? चहा घे म्हणालीस, घेतला.

बहीण : दुसऱ्या कुणाचं काम असतं तर?

भाऊ : तर सांगितलं असतं. काळी सगळी उपसा, मुरूम लागेपर्यंत खाली जा, नाहीतर बांधूच नका. चिमूटभर ओली करून तळहातावर वळायची. दोरीसारखी लांब वळली आणि तुटली नाही, की समजायचं, ही भिंती फोडणार. हे मी कुणालाही सांगतो. फुकट.

बहीण : कुणालाही. सख्ख्या बहिणीला सोडून.

भाऊ : सख्ख्या बहिणीने वकिलाची नोटीस धाडली होती मला! वाटणी पाहिजे, आणि तीही निवडून पाहिजे. म्हटलं, निवड बाई. तर कुठे धावलीस? सरळ काळीकडे.

बहीण : रोपं विकते रे मी. काळी ओल धरून ठेवते, तीत काहीही लावलं तरी जीव धरतं. मी आयुष्यभर मातीकडे तेवढंच बघत आले. तो खडकाळ माळ तुझ्या वाट्याला आला, तेव्हा वाईट वाटलं होतं मला. भावाला फसवलं असं वाटून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

भाऊ : मला लागला. छान लागला.

बहीण : मी इथे घर बांधणार हे तुला माहीत होतं.

भाऊ : दुसरीकडे कुठे बांधणार होतीस? मला माहीत होतं. आईलाही माहीत होतं.

बहीण : आईला?

आई : अरे, आता कशाला ते उकरून काढतोस?

भाऊ : सांग ना तिला. बाबांनी या तुकड्यात गोठा बांधला होता, आपल्या जन्माआधी. एका पावसाळ्यात भिंत बसली आणि खाली म्हैस मेली. त्यानंतर बाबांनी इकडे साधं छप्परही घातलं नाही. मला तरी कुठे ठाऊक होतं? वाटणीच्या आदल्या दिवशी आईनेच सांगितलं.

बहीण : आई?

आई : अगं, तो म्हणाला, तिच्यापाशी बोलू नकोस, मी तुला मरेपर्यंत सांभाळीन. वेगळी खोली देईन म्हणाला. लेकीच्या दारात किती दिवस काढायचे म्हातारीने? तुझा नवरा कमावता होता तेव्हा. वाटलं, तू कुठेही निभावून नेशील.

बहीण : आणि सांभाळलं त्याने?

आई : तीन महिने.

भाऊ : चार. उगाच बदनाम करू नकोस.

बहीण : पाया खणताना तू माझ्या शेजारी उभी होतीस, आई. माझ्या पाठीवरून हात फिरवलास. म्हणालीस, पोरी, झालं एकदाचं तुझं घर.

आई : बोलायला तोंड उघडलं होतं गं. पण तो समोर उभा होता.

भाऊ : चला, मी निघतो. कामावर माणसं खोळंबलीत. आईचं काय ते तुम्ही मायलेकी ठरवा. माझ्याकडे जागा नाही, तिच्या खोलीत सिमेंटच्या गोण्या रचल्यात.

आई : अरे, थांब! मी गोण्यांच्या कडेला पडेन. ओट्यावर पडेन. सुनेच्या नजरेला नाही पडणार, एक वेळच जेवेन...

भाऊ : आई, पाय सोड. लोक बघतायत.

(मोटारसायकल सुरू होते. आवाज लांब जातो.)

आई : गेला.

बहीण : हो.

आई : बोल ना काहीतरी. शिव्या दे मला.

बहीण : पाणी पिणार का?

आई : नको. अगं, ऐक ना. पाऊस सुरू झाला की माझं अंथरूण पुढच्या खोलीत टाकशील? दाराशी. पोरांच्या पायाशीसुद्धा चालेल मला.

बहीण : नको. जिथे आहे तिथेच राहू दे.

आई : पण ती भिंत पडेल गं.

बहीण : माहीत आहे मला.