बाइक म्हणजे तीन कट्टे

…हो दादा, बेड कापायचा हे मामाजीनंच सांगितलं, मले माहीत आहे — त्यायनं सांगितलं तेव्हा मी पाण्याचा ग्लास घेऊन तिथंच उभी होती — पण तुम्ही कापू नका. म्हणजे आत्ता नका कापू. खडूची रेघ मारली तेवढी राहू द्या, रेघ पुसता येते. बसा न जरा, त्या पेटीवर बसा. मामाजी म्हणजे माझे सासरे, ते अन् हे माझे नवरे, दोघंही बाइकनं प्लायवूड पाहाले गेले, बाजारात गेले म्हणजे मामाजी चार दुकानं फिरल्याशिवाय काही घेत नाहीत, तेवढ्यात मले एक गोष्ट बोलायची आहे. एकच. अन् मी खाली नाही उतरत, इथंच या व्हॅनच्या दारात बसते, चालते न? गाडी राखत बस म्हणून मले ठेवून गेले. तुमच्या वेल्डिंगच्या दुकानातून गाडी कोण नेते, पण सुनेले कुठंतरी ठेवा लागते, मग गाडीत ठेवली.

तुम्ही हसून राहिले, पण आमच्या मुर्री गावात कोणाले सांगसान की रत्नपालची बायको एवढं बोलली, तर कोणी मानणार नाही. फेब्रुवारीत लग्न झालं, तेव्हापासून घरात माझे दोनच शब्द चालतात — हो अन् नाही. त्यातही नाही कमीच. आत्याबाई, म्हणजे माझी सासू, कलाबाई, सगळ्यायले सांगतात की सून लय गरीब भेटली, तोंडात जीभ नाही. शेजारच्या बायका येऊन माझं तोंड पाहून जातात. पण या गाडीत बसली की मले काय होते काय माहीत — हे पाहा, आताच पाहा, तुमची माझी ओळख नाही, अन् मी चालूच झाली. गाडीचाच गुण आहे तो. पहिले शाळेची व्हॅन होती न, पोरायचा कालवा, गोंगाट सगळा पत्र्यात मुरला असंल.

शाळेची होती हे तर वासावरूनच समजते, लोणच्याचा वास अजून गेला नाही. यायनं दोन हात रंग मारला तरी बाजूचं ‘स्कूल व्हॅन’ उन्हात वर येतेच. माझ्या माहेरी गेलो होतो, दवनीवाड्याले, तर रस्त्यात एका बाईनं हात दाखवून थांबवली अन् यायले झाप-झाप झापलं, काल काऊन नाही आले, पोरगी उन्हात उभी राहिली म्हणून. आता दुसरा कोणी असता तर म्हटला असता, बाई, ही ती गाडी नाही. यायनं माफी मागितली. उद्या येतो म्हणाले. असे आहेत हे, मुंडी हलवल्याशिवाय यायचा दिवस जात नाही. सोलरचे पंप बसवतात गावोगाव, तिथंही शेतकरी म्हणाला पॅनल तिकडे लाव, तर मुंडी हलवतात, अन् मग हळूच सूर्य असते तिकडेच लावतात.

गाडी कायले घेतली म्हणता? फिरायले. मोबाइलवर व्हिडिओ पाहून-पाहून घेतली — गाडीतच बेड, गाडीतच चूल, जिथं रात्र झाली तिथं घर. मागच्या सीटा काढल्या, हा बेड केला, खाली पेटी, हा पंखा, ही लाइट, वर सोलरचं पॅनल, तिथून छत मागच्या बाजूनं गळते. इथं बेसिन आहे, पातेल्याले भोक पाडून केलेलं, पातेलं आत्याबाईचं, ते अजून त्यायले माहीत नाही. लग्नाच्या वेळेस मले म्हणाले, पहिले सांचीले जाऊ, स्तूप पाहू, तिथून पचमढीले. मी हो म्हणाली. तेव्हा मले वाटलं दोन महिन्यात जाऊन येऊ. गाडी अजून मुर्रीच्या बाहेर गेली ती दवनीवाड्याले अन् तुमच्याकडे.

पण खरं सांगू का — सांगू नये, पण आता तुम्ही बसलेच आहात — मले काही त्याचं वाईट नाही वाटलं. घरीच उभी असली तरी गाडी आपलं काम करून राहिली होती. आमच्या घरी दोन खोल्या अन् रांधणी. एका खोलीत मामाजी, आत्याबाई अन् ननद अल्का. दुसरी आमची. आमची म्हणजे तिथं आमचं कपाट आहे. टीव्हीपण तिथंच आहे. शिवण्याची मशीन तिथंच, पीठ-मीठ तिथंच, अन् रांधणीत जायचा रस्ताही तिथूनच. अल्का पोलीस भरतीची तयारी करून राहिली, पहाटे उठून आमच्याच खोलीतून पळत जाते, परत येते तीही पळतच. सिरीयल संपते तर बातम्या लागतात, बातम्या संपतात तर मामाजीले तहान लागते. आता सांगा, नवरा-बायकोनं बोलायचं कुठं? बोलायचंच म्हणून राहिली मी, तुम्ही खाली काऊन पाहता.

तर मग हे म्हणाले, मी गाडीची बॅटरी टेस्ट करून येतो. जेवण झालं की उठायचे, म्हणायचे, बॅटरी टेस्ट करतो, जरा टॉर्च धराले पाहिजे कोणीतरी. कोणीतरी म्हणजे मी. अन् मग आम्ही दोघं या बेडवर मांड्या घालून बसायचो, हा पंखा लावून, अन् मी बोलायची. काय बोलायची म्हणजे काहीही — माहेरची गाय कशी आहे, आत्याबाईच्या आंबिलीत मीठ काऊन जास्त, मले एम.ए. पुरं करायचं आहे, सांचीले जाताना तांदूळ घरचा न्यायचा की तिकडचा चालंल. हे ऐकायचे अन् मुंडी हलवायचे, पण गाडीत मुंडी हलवली तर ते काम होते, हे मी पाहिलं आहे. मी म्हणली खिडकीले पडदा पाहिजे, दुसऱ्या दिवशी पडदा. महिनाभर टेस्टिंग चाललं. शेवटी आत्याबाईनं विचारलं, काय गा रत्नपाल, अशी कोणती बॅटरी आणली तू, जिची परीक्षाच संपत नाही. अल्का तर म्हणाली, मीपण धरते टॉर्च. आली, बसली आमच्यामध्ये, अन् टॉर्च धरून बसली. इमानदारीनं धरून बसली बिचारी.

तरी चाललं होतं. अडचण झाली बाइकची. गाडी उभी राहते कुठं, तर छपरीत, अन् छपरी कोणाची, तर मामाजीच्या बाइकची. वीस-बावीस वर्षांची बाइक आहे, तुम्ही पाहिली आता, आरसे पाहिले न, आपलं तोंड नाही दिसत एवढं स्वच्छ आमच्या घरच्या आरशात. गुडघ्यामुळे चालवणं कमी झालं, पण रोज सकाळी पुसतात, चालू करतात, थोडा वेळ तिचा आवाज ऐकतात, अन् बंद करतात. मग चहा. गाडी आली तेव्हा त्यायनंच आपल्या हातानं बाइक काढून अंगणात ठेवली, वरून धानावरची ताडपत्री टाकली. अन् मागच्या आठवड्यात तो वारा-पाणी आला, तुमच्याकडेही आला असंल, ताडपत्री उडून गेली सरपंचाच्या विहिरीवर, अन् बाइक रात्रभर भिजली. सकाळी दहा लाता मारल्या तरी चालू होईना. मामाजीनं बाइक पुसली. चहा नाही घेतला. आमच्या घरी ते लय मोठं बोलणं आहे.

दुपारी ऊन लागलं तेव्हा कुठं ती चालू झाली, अन् त्या संध्याकाळी त्यायनं फळी लावली अन् बाइक गाडीत चढवली. इथं. या बेडवर, आडवी, माझ्या माहेरच्या गादीवर, खाली पोतं टाकून. तेव्हापासून बाइक गाडीत झोपून राहिली अन् मी टीव्हीपाशी. मले बाइकचा राग नाही दादा, म्हातारी झाली ती, तिले छत पाहिजे. पण गादीले पेट्रोलचा वास लागला. अन् मग मामाजीनं बसून हिशोब मांडला की अशी रोज आडवी टाकून तिचं तेल सांडते, तर बेडच कापून तिच्यासाठी कायमची जागा करू, फिराले जाल तर तिकडे गावात हिंडालेही कामी येते. हिशोब कशात मांडला? कट्ट्यात, म्हणजे धानाच्या पोत्यात. त्यायनं जन्मभर राइस मिलमध्ये थप्प्या लावल्या, त्यायले जागा दिसली की तिथं धानाचे कट्टेच दिसतात. लग्नात मांडव पाहून म्हणाले होते, तीनशे कट्टे. तर म्हणाले, बेड म्हणजे आठ कट्टे. बाइक म्हणजे तीन कट्टे. आठातून तीन गेले, पाच उरले. अन् दोन माणसं पाच कट्ट्यावर झोपत नाहीत काय, मिलमध्ये आम्ही चौघं झोपत होतो.

यायनं काय केलं असंल? मुंडी हलवली.

आता मले सांगा, कट्ट्याले हँडल असते काय? नसते न. हे तिथं कोणाच्याच ध्यानात आलं नाही अन् मी ग्लास घेऊन उभी होती म्हणून मी म्हटलं नाही. बाइक बुडाशी असंल तीन कट्टे, पण वरून हँडल इकडून तिकडे येते, आरसे त्याच्याही बाहेर. उरलेल्या पाच कट्ट्यावर झोपायचं म्हणजे एकानं आरशात पाहत झोपायचं अन् दुसऱ्यानं क्लच धरून. म्हणून तुमाले सांगून राहिली, ते आले की तुम्ही म्हणा, हँडल बसत नाही. तुमचं ऐकतील. बिसराम मिस्त्रीसारखा वेल्डिंगवाला गोंदियात नाही म्हणून रस्ताभर सांगत आले. माझं नाव नका घेऊ. खोटं कुठं आहे त्यात, नाहीच बसत.

काय? मग बाइकनं कुठं जायचं? तेही मी पाहून ठेवलं आहे. छत बाइकले पाहिजे, गाडी नाही पाहिजे. तर गाडीच्या या बाजूले वरून एक छज्जा करायचा — पाइपाचा, दुमडता येईल असा, त्याच्यावर जाड ताडपत्री, चांगली कसून. अंगणात उघडला की खाली बाइक. फिराले निघालो की दुमडला, अन् बाइक मग छपरीत, छपरी रिकामीच राहणार न, गाडीच नाही तर. अन् सांचीले गेल्यावर हाच छज्जा उघडून खाली बसून चहा करता येते. काय वाईट आहे? एवढ्या साध्या गोष्टीसाठी घरातल्या शहाण्या माणसानं — माणूस म्हणजे हेच — तोंड उघडायचं होतं. नाही उघडलं. आठ दिवसांपासून मी यायच्याशी बोललीच नाही. आता मी न बोलली हे घरात कोणाले समजणार, मी तशीच असते. यायलेही समजलं की नाही देव जाणे — पण परवापासून पोळी एक कमी खाऊन राहिले.

तुम्ही काय पाहून राहिले तिकडे? कोणतं? ते पाइप — ते तर दुसऱ्या कोणाचं आहे न, मी मघापासून पाहून राहिली, पाणीपुरीच्या ठेल्याचं छत असंल म्हणून. आमचं? आमचं कायचं, आम्ही तर आजच आलो तुमच्याकडे. कोण येऊन गेलं? कधी? …सोमवारी. एकटेच. पंपाच्या कामावरून येताना.

अन् काय म्हणाले? छज्जा करून ठेवा, अन् बाबाले सांगा हँडल बसत नाही — असं म्हणाले? त्यायनं? आपल्या तोंडानं?

मग मले काऊन नाही सांगितलं? आठ दिवस मी — एक शब्द सांगितला असता तरी — हो, पण सांगतील कुठं. ते खरं आहे. टीव्हीपाशी काय सांगतील. अल्काच्या समोर काय सांगतील. सांगाले गाडी लागते, अन् गाडीत बाइक झोपलेली.

दादा, म्हणजे आम्ही दोघंही तुमाले तेच सांगून गेलो. अन् तुम्ही मघापासून ऐकून राहिले. पहिलेच सांगायचं न. एवढं सगळं मी — ती बॅटरी, ती टॉर्च — ते विसरून जा तुम्ही. पातेल्याचंही.

अजून काय? अजून काय करून ठेवलं? कुठं — माझ्या पाठीमागं? दाराले? ही? ही नव्हती. आम्ही गाडी आणली तेव्हा ही — आता बसवली तुम्ही, मी पाणी पिऊन आली तेवढ्यात. कडी आहे. सरकते चांगली. पण ही तर आतून —

…

त्यायनंच सांगितली?

…

मामाजीनं विचारलं तर काय सांगसान? कडी आतून कायले म्हणून? चोरासाठी म्हणसान काय? चोरासाठी कडी बाहेरून लागते न, दादा — नाही, म्हणा चोरासाठीच, दुसरं काय म्हणणार तुम्ही. अन् तिच्यावर जरा दाराचाच रंग मारा, चमकून राहिली.

तो आवाज आला पाहा. आमचीच बाइक आहे, आत्याबाई म्हणतात हा आवाज त्या झोपेतही ओळखतात. उठा तुम्ही, उठा, ते पाहतील तर म्हणतील मिस्त्रीले कामाले लावलं अन् मिस्त्री बसून आहे. बोलायचं तुम्हीच. हँडल पहिले, छज्जा मग. अन् यायच्याकडे पाहून हसू नका — हे पाहा, उतरले नाही तोच पहिले नजर दाराकडे. माझ्याकडे नाही, दाराकडे. कान लाल झाले यायचे. बापा, हे माणूस लपवून-लपवून काय लपवणार.

…हो मामाजी. इथंच बसली होती.

…नाही मामाजी. मले काही समजत नाही त्यातलं, मिस्त्री सांगतील.