दोनदा विधवा

सकाळचे साडेअकरा, रेशनचं सरकारी कार्यालय, खिडकी क्रमांक दोन. रांगेत माझ्यापुढं हर्सूलच्या कौसाबाई. खिडकीतला बाबू त्यांनाच सांगतोय, "कौसाबाई मयत आहेत. धान्य बंद झालंय."

"मंग मी कोन हाये?" बाई म्हणाल्या.

"सिस्टीममध्ये तसंच आलंय, मावशी."

तीस वर्षं बातमीदारी केली, पण 'सिस्टीममध्ये आलंय' ऐकलं की माझं डोकं अजून फिरतं. आतल्या खोलीतून सिस्टीम सांभाळणाऱ्या इंजिनिअरला मी अक्षरशः ओढून आणलं.

त्यानं रेकॉर्ड उघडलं. "अर्जातल्या प्रत्येक शब्दाला एक आकडा आहे. दिव्यांग एक, विधवा दोन, मयत चार. सगळ्यांची बेरीज करून सिस्टीम एकच आकडा ठेवते. यांच्या अर्जात विधवा दोनदा आलंय. दोन आणि दोन चार."

"दोनदा मीच लिहिलं," बाबू म्हणाला. "एकदा लिहिलेलं सुटतं, म्हणून पक्कं केलं."

"अहो, आलेला शब्द पुन्हा मोजायचा नाही, एवढं तुमच्या सिस्टीमला शिकवता येत नाही?" मी इंजिनिअरवर ओरडलो.

कौसाबाई शांतपणे म्हणाल्या, "नवरा माझा एकदाच मेला, बाबा. त्याला दोनदा मारून तुमी मलाच खपवलं व्हय?"

दुरुस्ती पाच मिनिटांत झाली. पण मयत दाखवलं की धान्य बंद करण्याआधी घरी जाऊन तपासायचं असतं, म्हणून मी त्या तपासणीचा कागद मागवला. त्यावर लिहिलं होतं, 'घरी जाऊन खात्री केली', आणि खाली सही.

"ही सही कोणाची?" मी विचारलं.

पावणेबारालाच जेवणाची सुट्टी झाली. सही कोणाची, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.