गिरकी थांबली की

दुपारपर्यंत माझे मौनव्रत असते. वाशीम स्टेशनावर माळ ओढत बसले होते. शेजारच्या बाकावर बंजारा तांड्यावरचे दोघे होते, नागपूरला शिकणारा भाऊ आणि आरशांचा घेरदार फेटिया, म्हणजे घागरा, नेसलेली बहीण हेमला. बोलत होते ते त्यांच्या बंजारा बोलीत, लिहिते मात्र माझ्या वऱ्हाडीत.

“म्हंजे नागपूरच्या सरांले आज सांगशील का, मी हे गणित सोडलं?”

“सोडलं, हेमला. मास्तरकी करीन.”

“पण अडलं कुठं, भाऊ?”

“फिरणारा ग्रह मधात फुगते, वर-खाली चपटा होते. त्याच्याभोवती जागा अन् काळ कसे वाकतात, ते आइन्स्टाइनच्या रीतीनं मांडून राह्यलो. फिरणं शून्य केलं, का गोल ग्रहाचं जुनं उत्तर परत याले पायजे. येतच नाई!”

“होळीत मी गिरकी घेतली, का माहा फेटिया असाच फुलते.”

“अन् गिरकी थांबली का?”

“पडते खाली. तुले काय वाटलं, तसाच राह्यते?”

“अरे! हेमला! म्या गिरकी थांबवली, अन् फेटिया फुललेलाच ठेवला!”

“कोनाचा?”

“ग्रहाचा! फिरणं काढलं, चपटेपण तसंच राह्यलं! तो बाकाखालचा कोळसा दे!”

तो फलाटावरच गुडघे टेकून लिहू लागला.

“ओ मामा, पाय नका देऊ, तिथं पृथ्वी हाये! भाऊ, गाडी आली!”

“थांब... हे गेलं, हे बी गेलं... आलं! जुनं उत्तर आलं!”

“मंग सरांले काय सांगशील?”

डब्याच्या दारातून तो ओरडला, “सांगीन, आता पुन्हा फिरवतो!”

माझी माळ कोणत्या मण्यावर थांबली होती, कोण जाणे. पहिल्यापासून सुरू केली.