लाईट गेली की आधी पिन

...नाही, पण पिन काढायला वेळ तो किती लागतो हो? तुम्हाला सांगतो, सातवीत शाळा सोडली तेव्हापासून मी इथं सांतियागोत मिक्सर, इस्त्र्या, भाताचे कुकर दुरुस्त करतोय. दुसरं काही येत नाही मला, पण एवढं येतं: लाईट गेली की आधी पिन काढायची! कारण परत येताना लाईट भानावर नसते, एकदम अंगावर येते, आणि वस्तू खलास.

पण आमच्या गल्लीचं सगळं उलटं. लाईट दिवसाकाठी येणार दोन तास, म्हणून कुकरमध्ये तांदूळ-पाणी घालून, बटण दाबूनच ठेवायचं, म्हणजे ती आली की भात आपोआप लागतो! मी सांगायला जातो तर शेजारची नेरेइदामावशी म्हणते, "बाळा, पिन काढली तर भात काय तुझ्या तोंडाकडे बघून शिजेल?"

त्यात आमचा कुकर साधा नाही. मायामीला गेलेल्या माझ्या थोरल्या भावानं, राउदेलनं पाठवलेला. आईनं त्याला क्रोशाचा झालरीवाला झगा विणला, फ्रीजवर बसवला, आणि वर्षभर भात कोळशावर. कोणी करायचा? मी! वस्तू जपायची ना... माझे डोळे धुरानं गेले तरी चालतील.

गेल्या रविवारी राउदेलचा फोन येणार होता, चेहरा दिसतो तो. त्याला त्याच्या कुकरातला भात दाखवायचा म्हणून आईनं झगा उतरवला, तांदूळ आणि काळा घेवडा घातला, बटण दाबलं... गेली लाईट. मी पिन काढली. आईनं लावली. मी पुन्हा काढली, कारण लाईट गेली की आधी... तर आई म्हणाली, "तुला त्याचं काही चांगलं बघवतच नाही."

आणि पिन परत लावली. मी अंगणात जाऊन बसलो.

दुपारी अख्खी गल्ली ओरडली, "आलीऽऽ!" आणि आमच्या स्वयंपाकघरात फट् झालं. एवढंच. मग धूर.

मी उघडून बघतो म्हटलं, तर आई हात लावू देईना. तिनं त्या जळक्या कुकरवर झगा परत चढवला, झालर सारखी केली, आणि तेवढ्यात फोन. "दाखव ना भात, आई!" तिनं माझ्याकडे पाहिलं... असं ती माझ्याकडे कधी बघत नाही हो.

मी म्हटलं, "कुकर माझ्या हातून जळला, दादा."

आणि ज्याच्याकडे सात वर्षांत एकदा लाईट गेली नाही, तो मला म्हणतो, "अरे, दुरुस्त्या करतोस ना? लाईट गेली की आधी पिन काढायची, एवढंही कळत नाही?"

"हो दादा," म्हटलं.

फोन ठेवून आई म्हणाली, कोळसा पेटव. पेटवायला वळलो तर झग्याखालून निघालेली वायर अजून भिंतीतच.

काढली पिन.