माफी मालूम, बाबा

— नाही, चुकला नाहीत, घर हेच. खाली हारिसला, वॉचमनला, तुम्ही फोनमधलं ह्यांचं स्टिकर दाखवलंत ना? मग बरोबर पाठवलं त्यानं. अशरफ परकार कुठं राहतात म्हणून विचारलं असतंत, तर तो म्हणाला असता, असा कुणी माणूस या बिल्डिंगीत नाही. इतकी वर्षं कुवेतमध्ये, या बनेद अल-गारमध्ये काढली, याच मजल्यावर — पण वॉचमनला माहीत कोण, तर तो स्टिकरमधला! या, बसा. हे जुम्म्याच्या नमाजाला गेलेत. तुम्ही प्रताप ना? शुऐबाच्या प्लँटवर इंजिनियर आहात, इथल्या मराठी मंडळाचं नाटक बसवताय — ऐकलंय मी सगळं, ह्यांना कानानं जरा कमी ऐकू येतं, फोन स्पीकरवरच असतो. चहा घ्या. गोड झालाय का? इथली सवय आमची, आटवून आटवून पितो.

आधीच सांगून ठेवते, भाऊ, म्हणजे तुमचा वेळ जायला नको. ह्यांनी ते नाटकात, मालिकांत काम करणं सोडलं. कायमचं. आता इच्छाच नाही राहिली — कुणी विषय काढला तर नुसते हसतात. तेव्हा तुमचं काय असेल ते मला सांगा, मी कानावर घालीन. सांगाल हो, घाई कसली? पण मला आधी एक सांगा, त्या स्टिकरपलीकडे काय ठाऊक आहे तुम्हाला ह्यांच्याबद्दल? काही नाही. वाटलंच. अहो, हा माणूस कॉलेजात असताना रत्नागिरीला राज्य नाट्यस्पर्धेत उभा राहिला होता — म्हातारा दशग्रंथी भटजी केला होता ह्यांनी. संस्कृतसुद्धा होतं त्यात, दापोलीचे एक गुरुजी होते, त्यांच्याकडे जाऊन घोकलं. नाटक संपल्यावर परीक्षक आत आले, म्हणाले, हा मुलगा कुठल्या आळीतला? कुणीतरी नाव सांगितलं. तर परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि परत ह्यांच्याकडे बघितलं. रौप्यपदक दिलं. ते पदक बघून माझ्या वडिलांनी मला दिली — नाही, खोटं का बोलू, कुवेतचा व्हिसा बघून दिली. पण मी पदक बघून आले. मराठी शाळेतली मी, मला नाटकाचं फार.

हे इथं आले ते शिलाईकामाला. इथल्या शर्क भागात एक दुकान होतं, त्यांच्याकडे नाटकवाल्यांचे कपडे शिवायला यायचे. ईदला इथं मोठमोठी नाटकं होतात, हसवणारी, घरची घरं लोटतात. हे कपडे द्यायला जायचे आणि विंगेत उभे राहायचे, तालमी बघत. भाषा अशी उचलली की सांगता सोय नाही — हिशेबाची, बाजाराची नाही हो, इथल्या म्हाताऱ्यांची, दर्यावर्द्यांची अरबी. डोळे मिटून ऐकलंत तर इथलाच कुणी बोलतोय म्हणाल. मग एकदा झालं काय, नाटकात हिंदी नोकराचं काम करणारा त्यांचा माणूस आजारी पडला. तोंडाला तपकिरी रंग फासून करायचा तो. डायरेक्टरचं लक्ष ह्यांच्याकडे गेलं — ह्याला तर रंगही लागणार नाही! चढवलं स्टेजवर. ह्यांनी वाक्य म्हटलं, स्वच्छ, सुंदर अरबीत. डायरेक्टर म्हणाला, असं नाही, मोड. मोडून बोल. तुझ्यासारखी माणसं बोलतात तसं बोल. आणि ह्यांनी मोडलं.

काय मोडलं ते ऐका. 'मला माहीत नाही' याला इथले लोक म्हणतात 'मा अदरी'. ते मोडून ह्यांनी केलं, 'माफी मालूम, बाबा!' मान अशी आत ओढून, हात असे — कोंबडी पकडल्यासारखे. बस. थिएटर कोसळलं. मी बसले होते ना पाठच्या रांगेत, नवी नवी आलेली, मला अरबीचं अक्षर कळत नव्हतं. मला काय ऐकू आलं? माफी. मला वाटलं हा माणूस एवढ्या लोकांसमोर कुणाची माफी मागतोय? काय गुन्हा केला ह्यानं? आणि सगळे हसतायत का? घरी आल्यावर समजावलं ह्यांनी, अगं, माफी म्हणजे 'नाही'. नाही मालूम. मी म्हटलं, असेल बाबा. पण भाऊ, पुढं जन्मभर ऐकलं मी ते, आणि मला अजून तेच ऐकू येतं.

मग काय — रमजानातल्या मालिका सुरू झाल्या. दर रमजानला एक घर, एक शेठ, एक शेठाणी आणि एक आमचे हे. कधी ड्रायव्हर, कधी आचारी, कधी चहावाला. नाव कायम रफीक. रफीक म्हणजे दोस्त हो, चांगला शब्द आहे, पण इथं आपल्या माणसाला ती हाक कशी मारतात, तुम्ही गाडीत पेट्रोल भरायला थांबता तेव्हा ऐकत असालच — हां, तुम्हाला नाही मारत, तुमच्या गळ्यात कंपनीचं कार्ड असतं. ट्रेमधून चहा सांडायचा, शेठाणीचा पदर — अबाया — त्यात अडकायचा, मार खायचा, आणि ते वाक्य. शेवटी येणाऱ्या पाट्यांमध्ये नावसुद्धा यायचं नाही, नुसतं 'रफीक'. मी म्हणायची, नाव लावायला सांगा ना. तर म्हणायचे, अगं, लोकांना रफीक माहीत आहे, अशरफ कोण म्हणून विचारतील. आणि वाईट करत होते का? तीच तर गोम आहे. वाईट केलं असतं तर सुटले असते. एकदा त्या ट्रेबरोबर असे तोल जाऊन वाचले, परत तोल गेला, परत वाचले — एक थेंब नाही सांडला. असं करणारा इथं दुसरा कुणी नव्हता, आजही नाही.

आमची फरहीन शाळेत जायला लागली, तेव्हा बसमध्ये पोरं 'माफी मालूम' करून तिच्यासमोर हात हलवायची. ती घरी यायची, दप्तर टाकायची, दार लावून घ्यायची. काय झालं विचारलं की, नथिंग, मॉम. सगळं इंग्रजीतच तिचं, रडणंसुद्धा. मग ते हॉस्पिटलचं झालं. माझं अपेंडिक्स फुटायला आलेलं, मी चाकाच्या खाटेवर, दुखण्यानं डोळ्यांपुढे अंधारी, आणि हे खिडकीशी कागद करतायत, हाताला फरहीन. खिडकीतला माणूस ह्यांच्याकडे बघतो, उठतो, आत हाक मारतो — रफीक आलाय, रफीक! पाच-सहा जण जमले. हे त्यांना सांगतायत, माझ्या बायकोला फार त्रास होतोय, लवकर करा. चांगल्या अरबीत सांगतायत हो, जशी ह्यांची खरी आहे तशी. तर ते जास्तच हसायला लागले. त्यांना वाटलं हीच नवी नक्कल — रफीक साहेबासारखा बोलतोय! एकजण म्हणाला, ते म्हण ना एकदा, माझ्या आईला पाठवतो. ह्यांनी मागं वळून माझ्याकडे बघितलं. आणि मान आत ओढली. आणि म्हटलं.

काम झालं. पटकन झालं. धावत नेलं मला, डॉक्टर आले, जीव वाचला, मी कुणाला नावं ठेवत नाही. दुष्ट माणसं नव्हती ती, नंतर फळं घेऊन आले दोघं भेटायला. पण खाट आत जाताना मी बघितलं, फरहीननं बापाचा हात सोडला होता. पुन्हा नाही धरला. आता इथंच शर्कला बँकेत आहे, मोठ्या हुद्द्यावर. ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी तिला बापाचंच स्टिकर पाठवतं, आणि ती खाली हसरं तोंड टाकते. मला दाखवलं तिनं एकदा. मी म्हटलं, सांगत का नाहीस त्यांना? तर म्हणे, व्हॉट फॉर?

सोडलं कधी ते सांगते. एक तरुण डायरेक्टर आला होता, गुणी पोरगा, त्यानं जुन्या काळावर मालिका लिहिली — गलबतं, मोत्यांचा व्यापार. त्यात एक कोकणातला व्यापारी, अरबांच्या बरोबरीनं बसणारा, त्यांच्याच भाषेत बोलणारा. ह्यांना म्हणाला, चाचा, हे तुम्हीच करायचं, आणि मोडायचं नाही. हे रडले होते त्या दिवशी. दाढी वाढवली. ह्यांचे आजोबा गलबतावर होते, त्यांचं चालणं आठवून आठवून चालायचे या हॉलमध्ये. शूटिंग झालं. व्यापाऱ्याचा भागीदार समुद्रात बुडतो आणि हा किनाऱ्यावर त्याचा अंगरखा घेऊन बसतो, असा सीन होता. मग त्या पोरानं चार लोकांना दिवानियात, म्हणजे इथल्या पुरुषांच्या बैठकीत, दाखवलं, प्रसारणाच्या आधी. हे पडद्यावर आले आणि — हसले ना लोक! अंगरखा छातीशी धरून हे रडतायत, आणि लोक पोट धरून हसतायत, एकजण तर ओरडला, माफी मालूम! चॅनलनं सांगितलं, माणूस बदला. बदलला. तपकिरी रंग लावून दुसऱ्यानं केलं. तो पोरगा इथं आला होता सांगायला, तुम्ही बसलात तिथंच बसला, मान वर होईना त्याची. ह्यांनीच त्याची समजूत घातली. आणि तो गेल्यावर मला म्हणाले, बिल्कीस, मी रडत होतो आणि ते हसत होते, म्हणजे माझंच कुठंतरी चुकत असणार.

असो. बोला आता तुमचं. काय काम आहे नाटकात? ... कँटीनवाला. हं. नाव काय त्याचं? चाचा. नुसताच चाचा? आणि बोलतो कसा — नाही, वाचा ना, कागद आणलाय तर वाचा. ... 'हम तुम को चाय देता साब.' अहो, पण नाटक मराठी ना तुमचं? सगळे मराठीत बोलणार आणि हा एकटाच असा? का बरं? ... हशा येतो. येणारच. हे करतील तर छपरं उडतील. पण मी मघापासून कुठल्या भाषेत बोलतेय तुमच्याशी, भाऊ? ... नाही, रागावले नाही. तुम्ही चांगल्या मनानं आलात, दिसतंय मला. ओळखीचा चेहरा आहे, लोकांना आवडेल, छोटंसंच काम आहे — सगळं बरोबर. सगळे चांगल्या मनानंच येतात.

ते नाही म्हणतील, असं वाटतंय तुम्हाला? नाही म्हणणार असते तर मी एवढी बडबड कशाला केली असती? हो म्हणतील. हसत हो म्हणतील. परवा तुमचा फोन आला तेव्हापासून हा माणूस झोपला नाहीये. बिल्कीस, मराठी माणसं आहेत, म्हणाले, मराठीत बोलावतायत मला, ह्यांना रफीक कशाला हवाय? ह्यांना नट हवाय. काल बाथरूममध्ये आवाज लावत होते, कुठलं कुठलं जुनं म्हणत होते, मी बाहेर उभी राहून ऐकलं. ऐकायला हवं होतं तुम्ही. जुम्मा केव्हाच सुटला, भाऊ. हे मासळीबाजारात गेलेत, पापलेट आणायला, तुमच्यासाठी. पाहुणा जेवूनच जाईल म्हणाले.

उठा. खरंच उठा. मी सांगते त्यांना, तुमचा फोन आला होता, प्लँटवर अडकलात. नाटकाचं मग कळवू म्हणालात. आणि मग कळवू नका. नको, माफी नका मागू, या घरात पुरे झालं ते. तो कागद घ्या, इथं राहायला नको. कप इकडं द्या, दोन कप दिसता कामा नयेत. तिकडं नको — लिफ्ट वर येतेय. जिन्यानं जा. बघत काय उभे राहिलात, जा म्हणते ना!